घाटातला ताप

मधवालीची गाडी घाटात तापते, ही गोष्ट आता गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक झाली होती. सकाळी ती निघाली की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हसून विचारायचा, "आज कुठल्या वळणापर्यंत?" दुपारी कुणाच्या तरी टेम्पोमागे दोरीला बांधलेली गाडी परत येताना दिसली की मात्र तो मान खाली घालून इस्त्री फिरवत राहायचा. त्याचं ते गप्प बसणं तिला त्या प्रश्नापेक्षा जास्त झोंबायचं.

गाडी तशी गुणी होती. लहानशी, जुनी, रंग उडालेली, पण किल्ली फिरवली की लगेच हुंकार द्यायची. गावातल्या रस्त्यांवर दिवसभर पळवा, हूं की चूं नाही. सिग्नलला उभी करा, गर्दीत रांगवा, काटा आपला मध्यावर शांत. पण घाट सुरू झाला, चढाला गिअर खाली आला, की तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत काटा सरसर वर जायचा आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघायची.

एरवी मधवालीने घाटाचं नावही घेतलं नसतं. दरवर्षी तिच्या मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमधून पठारावर जायच्या. पण मागच्या वर्षी एका पेटीचं दार वाटेत सुटलं आणि ट्रकवाल्याचा गाल भोपळ्यासारखा सुजला. यंदा त्याने फोनवरच हात जोडले. "ताई, दगड सांगा, विटा सांगा, वाघ सांगा, नेतो. माश्या नको." दुसरे ट्रकवालेही त्याचेच मित्र. तेव्हा राहिली ती ही लहानशी गाडी. मधवालीने मागची सीट काढून टाकली, तिथे फळ्या टाकल्या, आणि चार फेऱ्यांत सगळ्या पेट्या वर न्यायच्या असं ठरवलं. त्यासाठी गेला महिनाभर ती रिकामी गाडी घाटात नेऊन बघत होती.

वर पठारावर सूर्यफुलाच्या बियाण्याचं मोठं शेत होतं. शेताची मालकीण दरवर्षी तिच्या पेट्यांची वाट बघायची, कारण माश्या आल्या नाहीत तर फुलं नुसती शोभेची, बी भरतच नाही. फुलोरा उघडायला लागला होता. मालकिणीने स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या दुपारच्या आत माश्या शेतावर हव्यात. नाहीतर परवा मी मोठ्या कंपनीचे पेट्यांचे ट्रक बोलावते. राग मानू नकोस, पण फूल माझ्यासाठी थांबत नाही." यात राग मानण्यासारखं काही नव्हतंच. पण एकदा का मोठी कंपनी त्या बांधावर बसली की पुढच्या वर्षी तिला कोण विचारणार होतं?

तर त्या संध्याकाळी मधवाली गॅरेजमध्ये स्टुलावर बसली होती आणि मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर येत होता. मिस्त्री भला माणूस. त्याने गेल्या महिन्याभरात काही करायचं शिल्लक ठेवलं नव्हतं.

"हे बघा ताई," तो हात पुसत म्हणाला, "गाडी तापायची नेहमीची कारणं ठरलेली असतात. पाणी कमी असणं, कुठेतरी गळणं. ते नाही. थर्मोस्टॅट अडकतो, म्हणजे पाण्याची वाट अडते. तो नवा टाकला. पंखा लागत नाही. तुमचा छान लागतो. रेडिएटर आतून गाळाने भरतो. तो खोलून धुतला. झाकण सैल होतं, तेही बदललं. पंप बघितला, ठणठणीत आहे."

"मग राहिलं काय?"

मिस्त्रीने जरा वेळ मान खाजवली. "राहिलं ते हेड गॅस्केट. त्याच्यासाठी इंजिन उघडावं लागेल. आठवडा तरी गेला. आणि खरं सांगू? मला तेही वाटत नाही. इथे उभी करून मी तासभर चालवतो, काटा जागचा हलत नाही. आता घाट काही माझ्या शेडमध्ये येत नाही."

"मग उद्या नेऊ की नको?"

"न्या. या वेळी जाईल असं वाटतंय. आणि काटा चढायला लागलाच तर एसी बंद, हीटर फुल. इंजिनची गरमी तेवढी आत ओढली जाते. थोडा घाम येईल, पण गाडी वाचेल."

घरी येऊन तिने हे सगळं सासूबाईंना सांगितलं. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. त्यामुळे घरात या दोघीच. सासूबाई मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. अख्खी गल्ली त्यांना मेट्रनच म्हणायची आणि त्यांनी खाकरलं तरी शेजारच्या घरातली पोरं अभ्यासाला बसायची. सूनही त्यांना तोंडावर 'आई' म्हणायची, पण मनातल्या मनात मेट्रनच.

मेट्रनने चष्मा कपाळावर सरकवला. "ताप कधी येतो?"

"अं?"

"गाडीला गं. ताप किती येतो हे सगळेच बघतात. कधी येतो ते विचार. उभी असताना?"

"नाही."

"सपाटीवर, हळू चालताना?"

"नाही. फक्त चढाला. इंजिन जोरात फिरायला लागलं की."

"आणि थांबवलीस की?"

"थोड्या वेळाने उतरतो. मग परत जोर लावला की परत चढतो."

"म्हणजे दम लागतो तेव्हाच दुखतं," मेट्रन म्हणाली. "असे पेशंट फार बघितलेत. खाटेवर झोपवून तपासलं की सगळं नॉर्मल. त्याला जिना चढायला लावून नाडी धरावी लागते." ती उठली, साडीचा पदर खोचला. "उद्या मी येते बरोबर."

"आई, तुम्ही? माश्या असतील गाडीत."

"मी वॉर्ड चालवलेत. त्यापेक्षा काय चावणार आहेत?"

सकाळी उजाडता उजाडता दोघी निघाल्या. रात्रीच पेट्यांची दारं जाळीने बंद केली होती. मागच्या फळ्यांवर पहिल्या फेरीच्या पेट्या एकमेकींना खेटून ठेवल्या, पट्ट्यांनी बांधल्या, आणि वर ओलं फडकं टाकलं. उरलेल्या जागेत पाण्याचे कॅन, साखरपाण्याचा टब, जाळीच्या टोप्या, अवजारांची पिशवी आणि धुराडं. धुराडं म्हणजे पेटी उघडताना माश्यांना धूर द्यायचं टीनचं भांडं, मागे हाताने दाबायचा छोटा भाता. मेट्रन पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली. मागून अखंड गुणगुण येत होती, जणू कुणी बंद दाराआड वाद घालतंय.

पायथ्यापर्यंत सगळं छान झालं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मधवालीची एक नजर रस्त्यावर, दुसरी काट्यावर. तिसऱ्या वळणाला तिने गिअर खाली घेतला, इंजिन ओरडायला लागलं, आणि काटा हलला.

"आला ताप," मेट्रन म्हणाली.

काटा मध्य सोडून वर सरकला.  मिस्त्रीचे शब्द आठवून मधवालीचा हात हीटरच्या बटणाकडे गेला.

मेट्रनने तिचं मनगट घट्ट धरलं. "मागे कोण आहे ते विसरलीस?"

मधवाली दचकली. बंद पेट्या, त्यात हजारो जीव, आधीच आपापल्या पंखांनी वारा घालून घर गार ठेवायची धडपड करणारे. त्यात इंजिनची गरम हवा सोडली असती तर गाडी वाचली असती आणि आतलं मेण वितळून माश्या त्यातच गेल्या असत्या. तिने हात मागे घेतला. पुढच्या वळणावर झाडाखाली जरा रुंद जागा होती. तिथे तिने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटमधून वाफेची पहिली बारीक रेघ निघालीच.

दोघींनी आधी पेट्या उतरवल्या. झाडाच्या दाट सावलीत एकेक ठेवली, जाळीवर पाणी शिंपडलं. मग बॉनेट उघडून मधवाली समोर उभी राहिली आणि तिला एकदम रडू फुटलं.

"महिनाभर झिजले हो मी या गाडीपायी. सगळं बदललं. सगळं! आता अजून काय करू?"

मेट्रनने तिला रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. नुसती जवळ उभी राहिली. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "झालं? आता पेशंट बघू."

तेवढ्यात खालून एक मोठी चकचकीत गाडी आली आणि थांबली. धाकटा दीर. त्याला पठारापलीकडच्या गावात काम होतं. त्याने वहिनीला ओळखलं, आईला ओळखलं, मग सावलीतल्या पेट्या ओळखल्या आणि झटकन काच वर चढवली. त्याला एक माशी चावली तरी श्वास कोंडायचा. लहानपणी मेट्रननेच दोनदा त्याला दवाखान्यात पळवलं होतं. म्हणून तर त्याच्या गाडीतून पेट्या नेण्याचा विषयही कुणी काढला नव्हता.

काचेच्या बोटभर फटीतून तो ओरडला, "वहिनी, मी म्हटलं होतं ना! अहो, विकून टाका ती गाडी. आई, तू इथे काय करतेस उन्हात? चल, बस माझ्याबरोबर."

"मी ड्युटीवर आहे," मेट्रन म्हणाली.

"आई!"

"तू असं कर. वर शेतावर जा, मालकिणीला सांग, माश्या येतायत. आणि काच खाली करू नकोस."

"पण येणार कशा? गाडी तर..."

"येतायत म्हणून सांग. कशा ते आम्ही बघतो."

दिराने एकदा आईकडे, एकदा वाफाळत्या बॉनेटकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि निघाला. या बाईशी वाद घालून कुणी जिंकलेलं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

इंजिन जरा निवलं. मधवालीने पाण्याचा कॅन उचलला तशी मेट्रन म्हणाली, "ओतणार आहेस?" मधवालीने मान हलवली. "छे. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जाईल. आणि झाकणही आता उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर. फक्त बघतेय, भरायला पुरेल का." पाणी पुरणार होतं. पण भरून उपयोग काय? पुन्हा पुढच्या वळणावर हेच.

"जिना चढायला लावू या त्याला," मेट्रन म्हणाली.

"म्हणजे?"

"इथे उभी असतानाच इंजिन जोरात फिरवायचं. चढावर फिरतं तसं. आणि एकीने आत बघत राहायचं. तुझ्या मिस्त्रीने हे केलं होतं?"

मधवाली विचारात पडली. मिस्त्रीने गाडी तासभर चालू ठेवली होती खरी, पण हळू, जागच्या जागी. इंजिनला जोर देताना तो आत बसलेला असायचा. आणि बॉनेटमध्ये डोकं घालून बघताना इंजिन शांत असायचं. दोन्ही एकाच वेळी करायला माणसं दोन लागतात.

"पण मग आत कोण बसणार? तुम्हाला गाडी येत नाही."

"चालवायची थोडीच आहे? पाय द्यायचाय ना? दाखव कुठे."

आणि मग त्या घाटात, आयुष्यात पहिल्यांदा, मेट्रन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. तिने पर्स बाजूच्या सीटवर ठेवली, आरसा उगीचच नीट केला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं की जणू ते पळून जाईल. मधवालीने गाडी न्यूट्रलमध्ये घातली, हँडब्रेक करकचून ओढला, चाकांमागे दगड लावले आणि इंजिन सुरू करून दिलं.

"द्या, आई. हळू."

मेट्रनला हळू म्हणजे काय ते पहिल्या वेळी समजलं नाही. इंजिन असं किंचाळलं की झाडावरचे पक्षी उडाले. मधवाली ओरडली, मेट्रन ओरडली, पाय सुटला, सगळं शांत झालं.

"परत," मेट्रन आतून म्हणाली. आवाजात थोडी मजाही होती.

दुसऱ्या वेळी पाय बरोबर पडला. मधवाली वाकून बघत होती. पंखा फिरतोय. पट्टा फिरतोय. वरची नळी टणक. कुठे थेंब नाही, फेस नाही. मग तिची नजर खाली गेली, रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे जाणाऱ्या जाड काळ्या नळीकडे. ती नळी कधी कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती. गळत नव्हती, फाटली नव्हती, दिसायला चांगली गुबगुबीत होती.

इंजिन वर चढलं, आणि मधवालीच्या डोळ्यांदेखत ती गुबगुबीत नळी मधल्या बाकावर, जिथे ती वाकली होती तिथे, आत ओढली गेली. आणखी जोर, आणखी आत. शेवटी दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या.

"सोडा!" इंजिन मंदावलं आणि नळी फुगून पहिल्यासारखी गोल झाली. जसं काही घडलंच नाही.

"द्या!" चपटी.

"सोडा!" गोल.

"आई, या! लवकर या, बघा!"

मग मधवालीने जागा घेतली आणि मेट्रन चष्मा लावून बॉनेटमध्ये वाकली. तिने बघितलं, आणि ती सरळ उभी राहिली ती जिंकल्यासारखी. "अगं, ही तर शीर बसतेय! सुई लावून रक्त ओढताना घाई केली, सिरिंज जोरात ओढली, की नाजूक शीर आतल्या आत चिकटते. रक्त येतच नाही. बाहेरून सगळं ठीक. नव्या नर्सला कळत नाही, ती आणखी जोरात ओढते."

"पंप ओढतोय," मधवाली हळूहळू म्हणाली, आणि बोलता बोलता तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. "इंजिन जितकं जोरात, तितका पंप जोरात ओढणार. नळी जुनी, मऊ पडलेली. ती मिटते, आणि ऐन गरजेच्या वेळी पाणीच बंद. थांबलं की उघडते. म्हणून गॅरेजमध्ये कधी सापडलंच नाही!"

ती हसायला लागली. महिनाभर छातीवर बसलेला दगड एका रबराच्या तुकड्यात सापडला होता.

पण हसू फार टिकलं नाही. नवी नळी इथे कुठून आणायची? गॅरेजमधून मागवली तरी ती येईपर्यंत माश्या टिकणार होत्या का? ऊन झाडाच्या बुंध्यापर्यंत सरकत आलं होतं. पेट्यांतली गुणगुण आता चढली होती.

"नळी मिटू नये म्हणून तिच्यात काहीतरी हवं," मधवाली म्हणाली. "आतून आधार. पाणी जाऊ देईल, पण भिंती धरून ठेवील."

"स्प्रिंगसारखं?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग मधवालीने गाडीतून धुराडं उचललं. त्याचा भाता दाबला. भाता आपोआप फुगून परत वर आला.

"याच्या आत आहे," ती म्हणाली. "दाबल्यावर भाता परत उघडायला." आणि थबकली. "पण मग वर पेट्या धुराशिवाय उघडाव्या लागतील. इतका वेळ कोंडलेल्या, हिंदकळलेल्या, तापलेल्या माश्या. धुराशिवाय."

"आधी वर तर पोचू," मेट्रन म्हणाली. "फाड."

मधवालीने भात्याचं कातडं कापलं. आतून पोलादी स्प्रिंग टुणकन बाहेर पडली. बोटांनी मापून बघितली. नळीपेक्षा किंचित जाड. तिला हायसं वाटलं. किंचित जाडच हवी होती, म्हणजे आत घट्ट बसेल.

इंजिन पुरेसं गार झाल्यावर तिने झाकण फडक्यात धरून हळूच फिरवलं. साखरपाण्याचा टब धुऊन गाडीखाली सरकवला आणि खालच्या नळीची क्लिप स्क्रूड्रायव्हरने सैल केली. रेडिएटरमधलं हिरवट पाणी, कूलंट, भसाभस टबात आलं. तिची बाही कोपरापर्यंत भिजली. नळी ओढताना रबर काही सुटेना. मेट्रनने पलीकडून वाकून पीळ दिला आणि नळी एकदम सुटून मधवाली पाठीवर पडली. दोघी हसल्या. हसणं थांबवायला जरा वेळ लागला.

स्प्रिंग ताणून, पिळून, इंच इंच करत आत गेली. बाकाशी अडली. मधवालीने पाण्याचं बोट लावलं, काही झालं नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ढकलली आणि ती बाक ओलांडून बसली. तिने नळी हातात धरून सगळा जोर लावून दाबली. नळी मिटली नाही.

नळी परत चढवली, क्लिपा आवळल्या. कूलंट जाळीच्या टोपीतून गाळून परत भरलं, कमी पडलं तिथे कॅनमधलं स्वच्छ पाणी घातलं. झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केली आणि आता, पेट्या बाहेर सावलीत सुरक्षित असताना, हीटर पूर्ण सोडला. गुडगुड करत आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर आली, पाणी खाली बसलं, आणखी ओतलं. बुडबुडे थांबले तेव्हा झाकण लावलं.

"बसा आई. द्या जोर."

मेट्रनने दिला, या वेळी अगदी सराईतासारखा. इंजिन गर्जलं. नळी थरथरली, आणि गोल राहिली.

"अजून!"

गोल.

"अजून!"

"अगं, काय गाडी फोडायची आहे का?" मेट्रन आतून ओरडली. मधवाली दोन्ही हात वर करून रस्त्याच्या कडेला नाचत होती.

पेट्या परत चढल्या. हीटर बंद, काचा सगळ्या खाली. पुढच्या वळणाला मधवालीने गिअर खाली घेतला, इंजिन ओरडलं, आणि दोघींचे डोळे काट्यावर. मध्यावर. त्याच्या पुढच्या वळणाला, जिथवर गाडी आजवर कधी पोचलीच नव्हती, तिथेही मध्यावर. पुढे एक लाकडांनी भरलेला ट्रक धापा टाकत चालला होता. मधवालीने हॉर्न दिला, बाहेर काढली, आणि रंग उडालेली ती चिमुकली गाडी माश्यांचं गाणं मागे सोडत ट्रकच्या पुढे निघून गेली. मेट्रनने खिडकीतून हात काढून ट्रक ड्रायव्हरला मंत्र्यासारखा नमस्कार केला.

शेवटचा चढ संपला आणि समोर पठार उघडलं. नजर जाईल तिथपर्यंत पिवळंधमक. फाटकाशी मालकीण उभी होती. दीर लांब, आपल्या बंद गाडीत, पण काचेला नाक लावून. छोटी गाडी वाफेशिवाय, दोरीशिवाय, स्वतःच्या चाकांवर येताना बघून त्याने आतूनच टाळ्या वाजवल्या. आवाज आला नाही, पण दिसलं.

"उशीर झाला नाही ना?" मधवालीने विचारलं.

"दुपार व्हायचीय अजून," मालकीण म्हणाली. "पण तुझे हात हे असे हिरवे कशाने?"

"नंतर सांगते."

पेट्या बांधावर मांडल्या. आतला आवाज आता गुणगुण राहिला नव्हता, गुरगुर झाली होती. मधवालीने टोपी घातली, सासूबाईंना घातली. धूर नव्हता. तिने जाळीवर पाण्याचा बारीक फवारा मारला, थोडं थांबली, परत मारला. माश्या पाणी चाटायला लागल्या, आवाज एक पट्टी खाली आला. मग ती पेटीच्या बाजूला, वाटेत न येता, गुडघ्यांवर बसली आणि पहिली जाळी इतक्या हळू सरकवली की मेट्रनला सरकल्याचं कळलंही नाही. चार माश्या बाहेर आल्या, दारात घुटमळल्या. मग सगळ्या. आधी पेटीसमोर डोलत, घराची खूण डोळ्यांत भरून घेत, मग मोठी होत जाणारी वर्तुळं, आणि मग सरळ पिवळ्यात.

दुसऱ्या पेटीशी एका माशीने मधवालीच्या मनगटावर नांगी मारलीच. ती रुतलेली नांगी चिमटीत धरणार तोच मेट्रनने हात बाजूला केला आणि नखाने खरवडून काढली. "दाबली की विष आणखी आत जातं. पुढची उघड."

सगळी दारं उघडली. शेतावर आता तोच एक आवाज होता, पसरलेला, समाधानाचा. मालकिणीने मोठ्या कंपनीला फोन लावला आणि दोघींसमोरच सांगितलं की तुमचे ट्रक नकोत, आमच्या माश्या आल्या.

मालकिणीने आणून दिलेला चहा मेट्रनने एका घोटात संपवला. "उरलेल्या पेट्या तशाच कोंडून बसल्यात खाली. निघायचं ना?"

त्या दिवशी दोघींनी चारही फेऱ्या केल्या. पहिल्याच उतरणीला त्या वाटेत गॅरेजवर थांबल्या. मिस्त्रीने गाडीखाली जाऊन नळी दाबून बघितली, आणि बाहेर आला तो कपाळाला हात लावून, मोठ्याने हसत. "स्प्रिंग! आयला, जुन्या गाड्यांना कारखान्यातून असायची आत. ही नळी कुणीतरी कधीतरी बदलली असेल आणि बिनस्प्रिंगची साधी बसवली असेल." त्याने लगेच नवी, जाड नळी काढली, पण मधवाली म्हणाली, "संध्याकाळी. आता माश्या थांबल्यात." मिस्त्रीने नळी तिच्यासाठी खुंटीला अडकवून ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून घाटात तापणाऱ्या प्रत्येक गाडीला तो दोन माणसं लावायला लागला, एक आत, एक बाहेर.

शेवटच्या फेरीला ऊन कलतं होतं. घाटातली वळणं आता मधवालीला पाठ झाली होती. काट्याकडे बघायचंही तिने सोडून दिलं होतं. मेट्रन मात्र बघत होती, आणि दर वळणाला घोषणा करत होती, "नॉर्मल!" वर पोचल्यावर फाटकाच्या अलीकडचा सरळ, सपाट, रिकामा रस्ता आला तेव्हा तिने पर्स मागे टाकली.

"थांबव जरा. मला दे."

"आई, मागे पेट्या आहेत!"

"हळू देते. आता येतो मला पाय द्यायला."

मधवालीने एकदा तिच्याकडे बघितलं, गाडी थांबवली आणि उतरून पलीकडच्या दाराकडे गेली.